जुनी सेडान घेताय? रंग नंतर बघा, आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऐका

लग्नसराई जवळ आली किंवा आखातातून घरचा माणूस सुट्टीवर आला, की आपल्याकडे गाडीचा विषय निघतोच. नवीन सेडानच्या किमती सामान्य कुटुंबाच्या हातात राहिलेल्या नाहीत. व्याजाचं कर्ज आपल्यातले बरेच जण टाळतात. मग वर्षानुवर्षं बाजूला टाकलेल्या तीन-चार लाखांत आठ-दहा वर्षांची डिझायर, होंडा सिटी, व्हर्ना, इटिओस किंवा व्हेंटो बघितली जाते. यात चुकीचं काहीच नाही. नीट सांभाळलेली दहा वर्षांची सेडान आणखी बरीच वर्षं साथ देते.

अडचण वेगळीच आहे. गाडी बघायला घरातली चार माणसं जातात आणि चौघंही रंग, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि टायर बघून येतात. खरा खर्च जिथे निघतो ते इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि एक्सल याकडे कुणी बघत नाही. कर्जावर गाडी घेणाऱ्याच्या हातात थोडेफार पैसे तरी राहतात. रोख देणाऱ्याची सगळी जमा एका दिवसात संपते, आणि महिन्याभरात गिअरबॉक्सचं काम निघालं तर गाडी दारात उभी राहते. म्हणून हा लेख. मेकॅनिकची जागा तो घेणार नाही, पण मेकॅनिकला काय विचारायचं आणि गाडी चालवून बघताना कान कुठे द्यायचा, हे आम्ही इथे साध्या भाषेत सांगणार आहोत.

ताकद चाकापर्यंत कशी जाते

आपल्याकडच्या बहुतेक सेडान पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन ताकद तयार करतं. क्लच ती ताकद गिअरबॉक्सला जोडतो किंवा तोडतो. गिअरबॉक्स गरजेप्रमाणे वेग आणि जोर यांचा मेळ घालतो. तिथून दोन एक्सल निघतात आणि पुढची दोन चाकं फिरवतात. या साखळीतली एक कडी ढिली झाली की त्रास दुसरीकडेच जाणवतो. गाडी ओढत नाही म्हणून लोक इंजिन उघडतात आणि दोष क्लचमध्ये सापडतो. गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स उतरवतात आणि खराब झालेली असते फक्त गिअरची केबल. त्यामुळे लक्षण कोणतं आणि दोष कुठे, हे वेगळं करता आलं तर निम्मे पैसे वाचतात.

थंड इंजिन खोटं बोलत नाही

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येण्याआधी गाडी चालू करू नका. गेल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधी चालू केलेली आहे, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. गरम इंजिन बरेच दोष लपवतं.

थंड डिझेल गाडीला बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर ग्लो प्लग, इंजेक्टर, बॅटरी किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन यापैकी काहीतरी आहे. ग्लो प्लग आणि बॅटरी हा छोटा खर्च, इंजेक्टर मोठा आणि कॉम्प्रेशन सगळ्यात मोठा.

गाडी चालू झाल्यावर एकाने सायलेन्सरच्या मागे उभं राहावं. धुराचा रंग बरंच काही सांगतो:

- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय. रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो झिजलेला असू शकतो.
- काळा धूर: डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोंदलेला असेल तर शेकड्यांत काम होतं, इंजेक्टर किंवा टर्बो असेल तर हजारांत.
- पांढरा धूर: थंडीत सकाळी थोडी वाफ दिसणं साहजिक आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि गोडसर वास आला, तर कूलंट इंजिनात जातंय असं समजा.

डिपस्टिक, झाकण आणि कूलंट

इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून बघा. डिझेल गाडीत ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नका. ऑइल पातळीच्या खाली असेल, बोटाला कचकच लागत असेल किंवा चहावरच्या सायीसारखा थर दिसत असेल तर मात्र थांबा. साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला पातळ थर असेल तर तो पावसाळ्यातल्या ओलाव्याचाही असू शकतो, पण डिपस्टिकवर असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

पुढची तपासणी मेकॅनिक हमखास करतात. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण फिरवून सैल करतात आणि तिथेच उलटं ठेवतात. झाकण थोडंसं हललं तर चालतं. ते उडू लागलं आणि खालून धुराचे भपकारे आले, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत आणि दाब खाली येतोय. गॅरेजच्या भाषेत हे 'बॅक कॉम्प्रेशन'. अशी गाडी आज चालेल, पण इंजिनाचं काम तिच्या नशिबात लिहिलेलं आहे.

कूलंटचं झाकण थंड इंजिनावरच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आत नुसतं गंजकं पाणी असेल तर मालकाने कूलंटकडे लक्ष दिलेलं नाही. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. हे हेड गॅस्केट गेल्याचं लक्षण आहे. तापलेली गाडी तशीच रेटून चालवली की हेड वाकतं, आणि मग गॅस्केटच्या कामात हेडचंही काम येतं.

चेन आहे की बेल्ट?

इंजिनात वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांची वेळ जुळवणारी एक चेन किंवा बेल्ट असतो. कोणत्या गाडीत काय आहे हे घेण्याआधी माहीत हवं.

मारुती डिझायरचं जुनं 1.3 डिझेल इंजिन, म्हणजे 1248 सीसीचं, मूळ फियाटचं. हेच इंजिन आपल्या देशात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसलं, त्यामुळे गावोगावच्या मेकॅनिकला ते पाठ आहे आणि पार्टही सहज मिळतात. त्यात चेन आहे. चेन ठरावीक किलोमीटरला बदलावी लागत नाही, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती सैल पडते. सकाळी चालू करताना काही सेकंद खडखड आवाज आला आणि मग थांबला, तर चेन आणि तिचा टेन्शनर तपासून घ्या.

फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या डिझेलमध्ये बेल्ट आहे. बेल्टला वय असतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना तो बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. 'बेल्ट बदललाय' हे तोंडी ऐकून घेऊ नका, बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

डिझेलची तीन दुखणी: टर्बो, इंजेक्टर, ईजीआर

टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा. तो फार वेगाने फिरतो आणि पूर्णपणे इंजिन ऑइलवर जगतो. घाण ऑइलमुळे त्याची शाफ्ट झिजते. रेस दिल्यावर शिट्टीसारखा मोठा आवाज, निळा धूर, चढावर दम न लागणं आणि टर्बोच्या पाइपात ओघळणारं ऑइल ही त्याची लक्षणं. पाइपात किंचित ओलावा मात्र जुन्या गाडीत असतोच. कधी कधी फक्त रबरी पाइप फाटलेला असतो आणि मालकाला नवीन टर्बोचा खर्च सांगितला जातो. म्हणून आधी पाइप बघायला सांगा.

इंजेक्टर झिजले की इंजिन जागेवर उभं असताना थरथरतं, टकटक आवाज येतो आणि अॅव्हरेज पडतं. प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो हे मोजण्याची सोपी चाचणी असते. डिझेल गाडी घेताना ती करून घ्यावी, तिचा खर्च इंजेक्टरच्या किमतीपुढे काहीच नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह जळलेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात पाठवतो. फक्त गावात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो काजळीने चोंदतो. मग पिकअप जातो आणि काळा धूर येतो. बऱ्याचदा साफ करून काम भागतं.

क्लच: सगळ्यात जास्त फसवणारा भाग

क्लच प्लेट ही झिजणारीच वस्तू आहे. ती गेलेली असणं हा गाडीचा मोठा दोष नव्हे, पण तिचा खर्च तुम्ही करायचा की विकणाऱ्याने, हे आधी ठरलं पाहिजे. रिकाम्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना अॅक्सिलेटर पूर्ण दाबा. काटा झटक्यात वर गेला, इंजिन ओरडलं आणि वेग मात्र वाढला नाही, तर क्लच सरकतोय. अशी गाडी सपाट रस्त्यावर ठीक वाटते. पाच माणसं आणि सामान घेऊन आंबा घाट चढताना ती जळका वास देऊन थांबते, आणि मागे ट्रकची रांग असते. घरच्यांना घेऊन घाटात अडकणं काय असतं, हे कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आणखी काही खुणा. पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलते, म्हणजे प्लेट संपत आली आहे. पेडल दगडासारखं जड आहे, तर प्रेशर प्लेट किंवा केबल बघा. सुटताना गाडी थडथडते, तर प्लेटवर ऑइल गेलं आहे, फ्लायव्हील खराब आहे किंवा इंजिन माउंटिंग तुटलं आहे.

आवाजाचा एक सोपा नियम लक्षात ठेवा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर बंद होतो, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. पहिलं काम क्लचबरोबर होतं, दुसऱ्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो.

काही डिझेल सेडानमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याच्या आत स्प्रिंग असतात आणि ते साध्या फ्लायव्हीलपेक्षा कितीतरी महाग असतं. इंजिन बंद करताना खडखडून मोठा झटका बसला तर तिकडे लक्ष द्या.

मॅन्युअल गिअरबॉक्स

गाडी चालवताना पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर वापरा आणि खालीही उतरवा. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना करकर झाली, तर दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. दुसरा गिअर सगळ्यात जास्त वापरला जातो, त्यामुळे बहुतेकदा तोच आधी बोलतो. चालत्या गाडीत अॅक्सिलेटर सोडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये सुटत असेल तर आतलं काम मोठं आहे. गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारा घूंऽऽ आवाज बेअरिंगचा किंवा गिअरच्या दात्यांचा असतो. तोच आवाज वळणावर कमी-जास्त झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, आणि ते काम स्वस्त आहे.

रिव्हर्स टाकताना थोडा आवाज येणं बऱ्याच गाड्यांत चालतं, कारण त्या गिअरला सहसा सिंक्रो नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन सेकंद थांबा आणि मग टाका. तरीही करकरला, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

गिअर ऑइल कधी बदललं, हा प्रश्न जरूर विचारा. इंजिन ऑइल सगळे बदलतात, गिअरबॉक्सला दहा-दहा वर्षं कुणी हात लावत नाही. एक्सलच्या सीलमधून थेंब थेंब गळून ते कमी होतं आणि आतली बेअरिंग कोरडी पडतात. काही हजारांची सील आणि ऑइल वेळेवर बदललं असतं तर अख्खा गिअरबॉक्स वाचला असता, असे किस्से प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात.

ऑटोमॅटिक: चार प्रकार, चार स्वभाव

घरात वयस्क माणूस चालवणारा असेल किंवा मुलगी नवीन शिकलेली असेल, तर आता ऑटोमॅटिकला पसंती मिळते. पण 'ऑटोमॅटिक' हे एक नाव असलं तरी आत चार वेगवेगळी यंत्रं असतात.

टॉर्क कन्व्हर्टर: जुनी आणि भरवशाची पद्धत. 2008 ते 2013 च्या पिढीतली होंडा सिटी ऑटोमॅटिक याच प्रकारची, पाच गिअरची. ब्रेकवर पाय ठेवून डी, मग आर टाका. गिअर लागायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला किंवा धाडकन झटका बसला तर सावध व्हा. यातलं तेल नवीन असताना बहुतेक लालसर असतं. काळपट झालं आणि जळका वास आला, तर आतल्या प्लेटा झिजल्या आहेत.

सीव्हीटी: यात ठरावीक गिअर नसतात, पट्टा आणि दोन पुली असतात. रेस दिल्यावर आवाज आधी आणि वेग नंतर, हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. सुटताना थरथर आणि चालताना किणकिण मात्र दोष आहे. 2008 च्या आधीच्या सिटी झेडएक्स सीव्हीटीमध्ये सुटतानाची थरथर ही माहितीतली तक्रार आहे. सीव्हीटीत तिच्यासाठी सांगितलेलंच तेल घालावं लागतं. साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा सरकून खराब होतो.

एएमटी: हा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर मोटरच्या किंवा तेलाच्या दाबाच्या यंत्रणेने बदलले जातात. आपल्याकडे 2014 मध्ये सेलेरिओपासून याची सुरुवात झाली आणि पुढे डिझायरमध्येही तो आला. क्लच प्लेट यातही झिजते. चढावर ब्रेक न लावता अॅक्सिलेटरवर गाडी धरून ठेवणाऱ्या मालकाची एएमटी लवकर बोलते. न्यूट्रलमध्ये आपोआप जाणं आणि गिअर बदलताना वाढलेला झटका या तिच्या तक्रारी.

डीएसजी: व्हेंटो आणि रॅपिडच्या काही मॉडेलमध्ये सात गिअरची डीएसजी आहे. चालवायला फार सुरेख, दोन कोरडे क्लच आणि त्यांना हुकूम देणारं मेकाट्रॉनिक युनिट. या गिअरबॉक्समुळे 2013 मध्ये कंपनीने जगभरातून गाड्या परत बोलावून त्यातलं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घातलं होतं. अशी गाडी बघत असाल तर हे काम झालं का, याची नोंद अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तपासा. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थडथड, सम किंवा विषम गिअरच न लागणं, मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकणं ही लक्षणं दिसली तर व्यवहार सोडा. मेकाट्रॉनिक बदलण्याचा खर्च लाखाच्या वर जातो, आणि ती दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावात मिळणं कठीण.

'याचं तेल लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही' हे वाक्य कोणत्याही ऑटोमॅटिकबद्दल ऐकलं तर मान डोलावू नका. आधी पुस्तिका उघडा.

एक्सल आणि माउंटिंग

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. चाकाकडून कट-कट-कट आवाज आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला. रेस देताना गाडी हादरत असेल आणि सोडल्यावर शांत होत असेल तर आतला जॉइंट. खाली वाकून रबरी बूट बघा. तो फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत जाते, मग जॉइंट टिकत नाही. गिअर टाकताना 'धप्प' आवाज बहुतेक वेळा माउंटिंगचा असतो. या भागातले खर्च पेलणारे आहेत, घासाघीस करायला उपयोगी पडतात.

वर्षभर दारात उभी असलेली गाडी

आपल्याकडची ही खास गोष्ट. मालक कुवेत, दुबई किंवा सौदीला, गाडी रत्नागिरी-रायगडच्या गावात ताडपत्रीखाली. वर्षातून एक महिना चालते. दहा वर्षांत तीस हजार किलोमीटर. ऐकायला सोनं वाटतं. पण खाऱ्या हवेत उभ्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, सील कोरडे पडून गळू लागतात, जुन्या डिझेलने इंजेक्टर खराब होतात आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. ऑइल किलोमीटरने जुनं होतं तसं वेळेनेही होतं. अशा गाडीचं मीटर कमी असलं तरी सगळी तेलं, बेल्ट, टायर आणि बॅटरी यांचा खर्च धरूनच किंमत बोला.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना आमची विनंती: आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं ती रस्त्यावर फिरवा. जागेवर चालू करून बंद करणं पुरत नाही, त्याने इंजिन नीट गरमही होत नाही आणि गिअरबॉक्स फिरतही नाही. लांब मुदतीसाठी ठेवताना हॅन्डब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

पुरात बुडालेली गाडी

2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणला आलेल्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकल्या जातात. पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न झाला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातूनही पाणी आत जातं आणि तेल दुधासारखं होतं.

सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर चिखलाची रेघ दिसते का, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हे बघा. विम्याच्या जुन्या क्लेमची माहितीही मागा.

मीटरवरचा दिवा

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी दिवा काढून दोष लपवला आहे. अलीकडच्या बहुतेक सेडानमध्ये स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायची जागा असते. मेकॅनिकला स्कॅनर घेऊनच बोलवा. 'एकही कोड नाही' म्हणून निर्धास्त होऊ नका, कोड सकाळी पुसलेले असू शकतात. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून पुन्हा स्कॅन करा.

मीटरचे किलोमीटरही तपासा. साठ हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. इटिओस आणि डिझायर टॅक्सी म्हणून खूप चालल्या आहेत, म्हणून आरसीवर गाडी आधी कोणत्या वर्गात नोंदली होती ते विचारा. परराज्यातली, विशेषतः दिल्लीकडची स्वस्त डिझेल घेताना एनओसी, इथला टॅक्स आणि 15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा हिशेब आधी करा.

घासाघीस कुठे, माघार कुठे

क्लच, माउंटिंग, सीव्ही जॉइंट, ग्लो प्लग, ईजीआर साफसफाई, ऑइल गळती: ही कामं किमतीतून वजा करून गाडी घेता येते. बॅक कॉम्प्रेशन, कूलंटमध्ये बुडबुडे, ऑइलवर साय, सुटणारा गिअर, जळका वास देणारी ऑटोमॅटिक आणि पुराच्या खुणा: इथे किंमत कितीही कमी असली तरी सलाम करून बाहेर पडा. आणि काहीही ठरवण्याआधी आपल्या ओळखीचा मेकॅनिक न्या. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक हा विकणाऱ्याचा असतो.

चार लाख हातात असतील तर साडेतीनची गाडी बघा. उरलेले पन्नास हजार पहिल्या तीन महिन्यांसाठी ठेवा. गाडी घेतल्या घेतल्या इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, सगळे फिल्टर आणि बाहेरचा बेल्ट बदला, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नका. लांबच्या प्रवासानंतर टर्बोची गाडी लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या. घाट उतरताना न्यूट्रल करू नका. त्याने डिझेल वाचत नाही, कारण गिअरमध्ये अॅक्सिलेटर सोडल्यावर आजकालचं इंजिन इंधन स्वतःच तोडतं. उलट सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

शेवटचा शब्द विकणाऱ्या वाचकांसाठी. मालातला ऐब लपवून विकणं आपल्याकडे नाजायज आहे, आणि जुन्या गाडीचा ऐब हा कुणाच्या तरी मुलाबाळांच्या जिवाशी जोडलेला असतो. क्लच सरकत असेल तर सांगा, इंजिन उघडलं असेल तर बिल दाखवा, किंमत दहा हजारांनी कमी घ्या. घेणाऱ्यानेही ठरलेलं सगळं कागदावर लिहून घ्यावं आणि आरसी स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं समजू नये. मग ती गाडी दोन्ही घरांना तसल्ली देईल.